लेटरहेड बाजूला ठेवा

ते लेटरहेड आधी बाजूला ठेवा. बोधचिन्ह देखणं आहे, रंगही बरे निवडलेत. पण नोंदणी व्हायच्या आत कागदांचा गठ्ठा छापून आणणाऱ्यांचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. पदं वाटून झाली, रबरी शिक्का झाला, फेसबुकवर पान झालं, सत्कारही एक झाला म्हणे. आता संस्थेच्या घटनेच्या मसुद्यावर ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव हवंय. सही मागायला आलात, तर ऐकूनही जा. मसुदा मी लाल पेन हातात घेऊन वाचलाय. एकेक कलम काढते. मोबाइल खिशात घाला, आणि मधे बोलू नका.

उद्देशांचं कलम बघा. तीन पानं भरून उद्देश! वृद्धाश्रम चालवणे, गोशाळा चालवणे, संगणक प्रशिक्षण देणे, एड्सविषयी जनजागृती करणे, नेत्रदान, वृक्षारोपण, क्रीडास्पर्धा, आणि वर ‘मच्छीमार बांधवांचे प्रश्न सोडवणे’. बीड जिल्ह्यात समुद्र कुठून आणणार आहात? हा मसुदा तुम्ही लिहिलेलाच नाही. कुणाच्या तरी जुन्या फायलीतून उतरवलाय आणि वरचं नाव बदललंय. शाळेत असताना उतरवलेल्या निबंधाची वही मी कशी परत करत असे, ते विसरला नसाल.

‘बाई, उद्देश जास्त असले की पुढे कुठलंही अनुदान घेता येतं,’ हे उत्तर तुमच्या ओठांवर आलंय, मला दिसतंय. म्हणजे अनुदान ज्या दिशेने येईल त्या दिशेला तोंड फिरवायचं, हा तुमचा खरा उद्देश. तो एकच लिहायचा होता, दोन पानं वाचली असती. आणि कार्यक्षेत्र? ‘संपूर्ण भारत’. तुम्ही सात जण पुण्यात नोकऱ्या करता, शनिवारी रात्री गावी येता आणि रविवारी संध्याकाळी परतीची गाडी पकडता. संपूर्ण भारत राहू द्या. शेजारच्या तालुक्यातली कुठली गावं कुठल्या कारखान्याला जातात, एवढं तरी सांगता येईल का?

आता तुमच्या पहिल्या उपक्रमाकडे येते, कारण खरा राग मला त्याचा आहे. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांना २६ जानेवारीला गावात वह्या आणि दप्तरांचे वाटप.’ अरे, जानेवारीत ती मुलं गावात असतात का? दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, फडातच असतात. निम्म्या घरांना कुलूप आणि उरलेल्या घरांत आजी-आजोबा, असं गाव तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. तुमच्यातल्या दोघांचे आईवडील स्वतः कोयता घेऊन गेलेले आहेत. तरीही तारीख २६ जानेवारी! का, तर त्या दिवशी तहसीलदार मोकळे असतात आणि फोटो चांगला येतो.

आणि वही देऊन कोणता प्रश्न सुटतो ते सांगा. पाचवीतली पोरगी शाळा सोडते ती वही नाही म्हणून सोडत नाही. आई पहाटेच्या अंधारात फडावर गेली की कोपीत तान्ह्या भावंडाला कोण सांभाळणार, म्हणून ती सोडते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाने उचल दिलेली असते ती जोडीला. ती फिटेपर्यंत बाई घरी थांबू शकत नाही, आणि बाई थांबत नाही म्हणून पोर थांबते. हा पेच तुमच्या मसुद्याच्या एकाही ओळीत नाही. नवी दप्तरं मात्र दोनशे आहेत.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा तुमच्यापैकी कुणी उघडून पाहिलाय का? सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून, प्रवेश नाकारता येत नाही. वयाला साजेशा वर्गात त्याला बसवून घ्यावं लागतं. म्हणजे कारखान्याच्या तळाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत नोव्हेंबरात एखादं पोर दाखल करायचं, तर त्यासाठी संस्था लागत नाही. मुख्याध्यापकांसमोर बसून बोलणारं एक माणूस लागतं. मुलांनी गावातच राहावं म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. तुमच्या गावात ती टोळ्या निघण्याआधी सुरू होते की टोळ्या निघून गेल्यावर? समितीच्या सभेला तुमच्यातला कोण कधी गेलाय? गप्प बसलात ते बरं केलंत.

माझा पहिला मुद्दा इथेच संपतो. जे काम शाळा, ग्रामपंचायत किंवा आधीपासून राबणारी एखादी संस्था करू शकते, तिथे त्यांच्या मागे उभं राहा. नव्या नावाची पाटी लावायची गरज नाही. २०१५ साली सीबीआयने सर्वोच्च न्यायालयापुढे देशातल्या स्वयंसेवी संस्थांचा आकडा मांडला, तो ३१ लाखांच्या आसपास होता, आणि त्यातल्या फारच थोड्या आपले हिशेब नियमित सादर करत होत्या. त्या ढिगात आणखी एक नाव घालायचं असेल, तर कारण तेवढं भक्कम हवं.

कारण भक्कम कसं असतं ते पाहायचं असेल, तर गडचिरोलीकडे बघा. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. बालमृत्यूंवर भाषणं देऊन ते थांबले नाहीत. गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवायची व्यवस्था त्यांनी उभारली. नवजात बाळाची काळजी घरच्या घरी कशी घ्यायची हे गावातल्याच बायकांना शिकवलं. ३९ गावांत हे काम केलं, आणि जिथे केलं नाही अशा ४७ गावांशी आपले आकडे ताडून पाहिले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ते ६२ टक्के क्षणभर बाजूला ठेवा. आपण काही केलं नसतं तर काय झालं असतं, हे तपासायची त्यांची तयारी बघा. तुमच्या प्रस्तावात ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’खाली काय लिहिलंय? ‘समाजात जागृती निर्माण होईल’. कशी मोजणार? कुणाच्या डोळ्यांत बघून?

पुढचा प्रश्न तुमच्या भाषेतला. ‘बाई, एनजीओ रजिस्टर करायचीय.’ एनजीओ नावाची नोंदणी कुठल्याच कायद्यात होत नाही. रस्ते तीन आहेत. नीट ऐका, कारण एजंट तुम्हाला त्याच्या सोयीचा रस्ता दाखवेल.

पहिला रस्ता १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा. किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते, म्हणून तिला दोन नोंदणी क्रमांक असतात आणि धर्मादाय आयुक्तांचं लक्ष तिच्यावर राहतं. सभासद, निवडणूक, सर्वसाधारण सभा, सगळं आलं. अनेकांनी मिळून निर्णय घ्यायचे असतील, तर हा रस्ता. दुसरा न्यासाचा. विश्वस्तपत्र करायचं, थोडे विश्वस्त, काम त्यांच्या हाती. एखाद्याने जमीन किंवा मोठी रक्कम ठरावीक कामासाठी देऊन टाकली असेल, तेव्हा हा बरा. तिसरा २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ चा. दोन संचालकांवरही उभी राहते, पण कंपनी निबंधकांची विवरणपत्रं दरवर्षी वेळेत भरावी लागतात आणि त्याला माहीतगार माणूस लागतो. तुम्ही पहिला रस्ता निवडलात. का निवडलात विचारलं, तर ‘स्वस्त पडतो’ म्हणालात. उत्तर चुकलं. शून्य गुण.

बरं, सात माणसं कोण? अध्यक्ष, अध्यक्षांची पत्नी उपाध्यक्ष, मेहुणा सचिव, चुलतभाऊ खजिनदार, उरलेले तिघे मित्र, त्यातल्या एकाला आपण सदस्य आहोत हे अजून माहीत नाही. घरातली माणसं घेतली म्हणून नोंदणी अडेलच असं नाही. पण खजिनदाराने अध्यक्षाला ‘या खर्चाची पावती कुठंय?’ असं भर सभेत विचारायचं असतं. दिवाळीला ज्याच्या घरी फराळाला जायचं, त्याला ते विचारता येतं का? आणि संस्थेचा पैसा पदाधिकाऱ्याच्या नातलगाकडे वाजवीपेक्षा जास्त गेला, तर आयकर खातं करसवलतच काढून घेऊ शकतं. तुमच्या अंदाजपत्रकात कार्यालयाचं भाडं आहे. कार्यालय कुणाच्या घरात आहे ते मी वाचलंय.

मी एका छोट्या संस्थेची खजिनदार होते, म्हणून तुम्ही ज्याकडे बघतही नाही ते मला आधी दिसतं. इतिवृत्ताची वही. सभा खरोखर घ्यायची असते. सूचक, अनुमोदक, ठराव, सह्या त्याच दिवशी व्हायच्या असतात. वर्षाअखेरीला एका रात्रीत, एकाच पेनने, बारा सभांची इतिवृत्तं लिहून काढायची नसतात. कार्यकारी मंडळात बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो गेला नाही की काही वर्षांनी दोन गट उभे राहतात, दोघेही म्हणतात आम्हीच खरे विश्वस्त, आणि बँक खातं गोठवते. ३१ मार्चला वर्ष संपतं. त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण होऊन अहवाल दाखल व्हायला हवा. काम झालं नाही, पैसा आला नाही, तरी हिशेब द्यावाच लागतो. शून्याचाही हिशेब असतो.

मतभेद होणार नाहीत, आम्ही लहानपणापासूनचे दोस्त, हे तर सांगूच नका. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढणाऱ्यांत टिळक आणि आगरकर होते. तुमच्यापेक्षा मैत्री कमी नव्हती, त्याग तर मुळीच कमी नव्हता. आजीव सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही, अशा प्रश्नांवर वाद वाढत गेले आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. संस्था मात्र आजही उभी आहे, कारण ती एका माणसाच्या नावावर चालत नव्हती. पगार, बाहेरची कमाई, राजीनामा, मतदान यांचे नियम भांडण होण्याआधी लिहायचे असतात. तुमच्या मसुद्यात त्या जागी काय आहे? ‘संस्थापक अध्यक्ष तहहयात पदावर राहतील’. तिशी ओलांडली नाही, आणि तहहयात!

आता पैशाचं बोलू. तुम्ही लिहिलंय, ‘पहिल्या वर्षी सीएसआर, दुसऱ्या वर्षी परदेशी निधी’. दोन्ही खोडलंय. कंपन्यांना कायद्याने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, हे खरं. पण तो नियम ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना आहे, आणि बाहेरच्या संस्थेकडून काम करून घ्यायचं तर साधारणपणे तिची आयकर नोंदणी आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव बघावा लागतो. परदेशी निधीच्या २०१० च्या कायद्यात तर नियमित नोंदणीसाठी तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, त्यातून प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्चता येत नाही, आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही.

तुमचा अमेरिकेतला वर्गमित्र ‘डॉलर पाठवतो’ म्हणालाय. त्याला आधी विचारा, पारपत्र कुठलं आहे? भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशी देणगीच. परवानगीशिवाय एक रुपया घेतलात, तर चांगल्या हेतूचं सर्टिफिकेट कुणी मागणार नाही. गुन्हा दाखल होईल.

आणि ८०जी. ‘बाई, आमच्या देणगीदारांना पूर्ण रक्कम वजा मिळेल’ असं पत्रकात छापलंत. कुणी सांगितलं? अशा संस्थांना दिलेल्या देणगीवर साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही मर्यादेत, आणि देणाऱ्याने जुनी करपद्धत ठेवली असेल तरच. रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिले, तर त्या देणगीवर वजावटच नाही. संस्थेला स्वतःलाही करमाफी हवी असेल, तर उत्पन्नाचे ८५ टक्के उद्देशावर खर्च करावे लागतात. अजून तुमचा पॅनकार्डाचा अर्जसुद्धा गेलेला नाही, आणि देणगीदाराला खोटं वचन मात्र छापून गेलं. ती पत्रकं उद्या सकाळी परत गोळा करायची.

पैसा कुठून येतो हे कळायला भाऊराव पाटलांकडे बघा. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. घरोघरच्या बायका मूठ-मूठ धान्य बाजूला काढत, त्यावर वसतिगृहातल्या पोरांची भाकरी होई. मूठभर धान्य देणारी बाई उद्या वसतिगृहाच्या दारात येऊन ‘पोरं नीट जेवतात ना?’ असं विचारू शकत होती. तुमचा देणगीदार तुमच्या दारात कधी येणार? ज्यांच्यासाठी काम करायचं त्या तळावरून वर्षाला दहा-दहा रुपयेसुद्धा जमले नाहीत, तर तुमचं काम त्यांना हवंय, हे तुम्ही कशावरून म्हणता?

पगाराच्या कलमावर मी प्रश्नचिन्ह टाकलंय. ‘सर्व कार्यकर्ते विनामूल्य सेवा देतील.’ हे वाचून लोक टाळ्या वाजवतील, मी नाही. ना-नफा संस्थेत शिल्लक राहूच नये असं कायदा म्हणत नाही. शिल्लक राहिली तर ती आपसात वाटायची नाही, कामातच घालायची, एवढंच म्हणतो. कामाचा रास्त पगार देता येतो, द्यायलाच हवा. तुम्ही सात जण पुण्याचा पगार घेऊन रविवारी सेवा कराल, आणि तळावर रोज सहा तास मुलं सांभाळणारी गावची पोरगी मात्र ‘सेवाभावी’ म्हणून फुकट राबेल? ऊसतोड मजुरांच्या शोषणावर अहवाल लिहायचा आणि स्वतःच्या संस्थेत तेच करायचं, ही लाज तुम्हाला परवडेल का?

फोटोंबद्दल थोडक्यात. पोराच्या हातात वही देताना त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवायचा नाही. नाक पुसून, हात जोडून उभं करायचं नाही. त्याच्या आईला विचारल्याशिवाय नाव छापायचं नाही. तुमच्या फेसबुकच्या पानावर जे दोन फोटो आहेत, ते इथून बाहेर पडायच्या आत काढा.

शेवटचं कलम, विसर्जन. त्याला मी दोनदा लाल रेघ मारलीय. ‘संस्था बंद झाल्यास मालमत्ता संस्थापक सदस्यांत समान वाटून घेण्यात येईल.’ हे वाक्य कुठून उतरवलंत ते मला कळलं नाही. बहुधा भागीदारीच्या करारातून. १८६० च्या कायद्याचं कलम १४ सांगतं, देणं-घेणं फिटल्यावर जे उरेल ते सभासदांना मिळत नाही. ते दुसऱ्या संस्थेकडे जातं. संस्थेची जमीन विकायची तरी १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. उद्या तुम्ही स्वतःच्या पैशाने खुर्ची घेऊन संस्थेला दिलीत, तर ती खुर्चीही तुमची राहत नाही. सगळा मसुदा मी या एका ओळीमुळे परत करतेय. तीन पानांचे उद्देश, नात्यातलं मंडळ, तहहयात अध्यक्ष, घरातलं भाडं, हे सगळं या ओळीतून आलंय. तुम्हाला वाटतं तुम्ही काहीतरी स्वतःचं उभं करताय. ज्या दिवशी नोंदणी होईल, त्या दिवसापासून ती संस्था तुमची नसेल. तुम्ही तिचे राखणदार असाल, आणि राखणदाराला मालक म्हणवून घेता येत नाही. हे पचत नसेल तर दुकान काढा. त्यात काही वाईट नाही, फक्त त्याला सेवा म्हणू नका.

आता काय करायचं ते सांगते, लिहून घ्या.

या हंगामात नोंदणी नाही. टोळ्या निघण्याआधी आपल्या दोन गावांतली यादी करायची: कुठल्या घरातून किती जण जाणार, किती मुलं बरोबर जाणार, किती मागे राहणार, मागे राहणारी कुणाकडे. मग दोघा-दोघांनी पाळीपाळीने रजा काढून तळावर राहायचं. गाडीतून उतरून चहा पिऊन परत यायचं नाही. तिथल्या शाळेत किती मुलं बसवता आली, किती बसली, किती गळाली आणि का, हे तारखेनिशी टिपायचं. स्वतःच्या खिशातून काढलेल्या पैशाची कीर्द रोज लिहायची, एस्टीच्या तिकिटासकट. वहीवर खजिनदार म्हणून मेहुण्याची सही चालणार नाही. तुमच्यात सर्वांत खोचक प्रश्न विचारणारी जी मुलगी आहे, तिची हवी.

पट्टा पडल्यावर ती यादी आणि ती कीर्द घेऊन या. तेव्हा तुमच्यातले किती जण उरलेत ते मी मोजेन. सात उरले आणि गावातल्याच कुणा शिक्षिकेला, अंगणवाडीताईला, ऊसतोड बाईला मंडळात घ्यायला तयार असलात, तर घटना मी स्वतः तुमच्याबरोबर बसून लिहीन, एका उद्देशाची. सात उरले नाहीत, तर जे उरले त्यांनी तळावरच्या कामात आधीपासून असलेल्या एखाद्या संस्थेकडे जाऊन हाताखाली काम मागायचं. त्यात कमीपणा नाही.

मसुदा घ्या. लेटरहेडचे कागद मागच्या बाजूने कोरे आहेत. यादी त्यांवरच करा, पैसे तरी वसूल होतील. दसऱ्याला फार दिवस नाहीत. निघा.